काहील गोल फिरते: पूरग्रस्तांनी स्वतःच्याच भूमिका केलेल्या सिनेमाची घडण

कृष्णा आणि पंचगंगा जिथं एकमेकींना मिळतात त्या शिरोळ तालुक्यातल्या एका गावात आम्ही ऑगस्ट २०१९ च्या महापुरावर सिनेमा केला. त्यात व्यावसायिक नट एकही नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनीच स्वतःच्या भूमिका केल्या, आणि बहुतेकांनी त्या स्वतःच्याच घरात केल्या. हा सिनेमा रडवतो आणि हसवतो. हसण्याच्या जागा आम्ही लिहिलेल्या नाहीत, त्या गावाकडं आधीपासूनच होत्या. अशा कामाबद्दल लोक दोनच गोष्टी विचारतात. माणसांना पुन्हा त्या प्रसंगात कसं उभं केलंत, आणि पाणी कुठून आणलंत. दोन्हींची उत्तरं बारीकसारीक तपशिलात आहेत, म्हणून ते जसे आहेत तसे मांडतो.

आधी पाच सालची खूण समजून घ्यावी लागते. २००५ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. तेव्हापासून नदीकाठच्या घराघरात भिंतीवर ती रेघ राहिली. कुणी खिळा मारून ठेवला, कुणी रंग देताना तेवढी पट्टी सोडली. धान्याच्या कणग्या, शिलाई मशीन, लग्नातली भांडी, जमिनीची कागदं, सगळं त्या रेघेच्या हातभर वर ठेवायचं, हा चौदा वर्षांचा शिरस्ता झाला. २०१९ ला नागपंचमीच्या सुमाराला पाणी चढायला लागलं तेव्हा प्रत्येक घरात एकच वाक्य बोललं गेलं: "पाच सालच्या खुणंच्या वर काय येत न्हाई." त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जे जपून वर ठेवलं होतं तेच भिजलं. अनुभवातून आलेलं शहाणपणच गळ्याशी आलं, आणि सिनेमातलं हसू आणि रडू दोन्ही या एका वाक्यातून निघतं. हे वाक्य एकदाच वापरायचा मोह होतो. आम्ही ते सात-आठ घरांतून, वेगवेगळ्या तोंडांनी, तसंच्या तसं येऊ दिलं. तिसऱ्या घरानंतर प्रेक्षक हसतो आणि पाचव्या घरापासून गप्प होतो.

पटकथेसाठी पहिले काही आठवडे कॅमेरा गावात नेऊच नये. फक्त आवाज मुद्रित करणारं छोटं यंत्र, तेही विचारून, समोर ठेवून. घरच्या माणसांनी गोष्ट सांगायची आणि आपण ऐकायचं. ऐकताना एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचं: ही गोष्ट या घरात आधी किती वेळा सांगून झाली आहे? अनेकदा सांगितलेली गोष्ट लगेच ओळखू येते. सांगणाऱ्याच्या पुढचं वाक्य सून म्हणून टाकते, नातू मध्येच हसायला लागतो, कुठं थांबायचं ते सांगणाऱ्याला ठाऊक असतं. त्या गोष्टीचा घाट लोकांनी स्वतः घडवलेला असतो आणि ती पुन्हा करून दाखवताना त्यांना इजा होत नाही. याउलट एखादी गोष्ट पहिल्यांदाच बाहेर येत असते. वाक्यं तुटतात, काळ मागेपुढे होतो, घरातली बाकीची माणसं खाली बघतात. अशी गोष्ट सिनेमासाठी नाही. यंत्र बंद करायचं, ऐकून घ्यायचं, आणि ती पटकथेत आणायची नाही, कितीही जबरदस्त असली तरी. आमच्या मते या सगळ्या कामातला हाच एक नियम मोडता येत नाही. बाकीच्यांना अपवाद असू शकतात.

यातूनच कुणी काय करायचं नाही ते ठरतं. ज्या क्षणी माणूस गेला किंवा हात सुटला, तो क्षण त्याच माणसाकडून करवून घ्यायचा नाही. त्याच्या आधीचा आणि नंतरचा काळ घ्यायचा: वाट बघणं, सामान बांधणं, कुलूप लावावं की नाही यावरचा वाद, छावणीतली पहिली रात्र, पाणी उतरल्यावर दार उघडताना आतून गाळानं धरलेलं दार. याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं गेली, ती बातमी या पट्ट्यातल्या प्रत्येकाच्या मनात आहे. सिनेमात ती छावणीतल्या रेडिओच्या आवाजापुरती आहे, दृश्य नाही. घरातलं माणूस गमावलेल्या कुणाला सिनेमात यायचं असेल तर कोणत्या प्रसंगात यायचं ते त्यांनीच निवडायचं. एका बाईंनी धान्यवाटपाच्या रांगेतला भांडणाचा प्रसंग मागून घेतला आणि तो फार झोकात केला. चित्रीकरणाच्या जागी मानसोपचाराची ओळख असलेली एक व्यक्ती रोज हजर हवी. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाशी आधी बोलून ठेवावं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून द्यावा, कारण त्रास बहुतेक वेळा चित्रीकरण संपल्यावर, रात्री होतो. हात वर केला की कॅमेरा बंद, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही, असा संकेत ठरवावा. तो पहिल्याच दिवशी मुद्दाम दोन-तीनदा वापरून दाखवावा, नाहीतर भिडेखातर कुणी हात वर करत नाही.

आता काहिलीचा प्रसंग. गुऱ्हाळात रस आटवायची लोखंडी काहील साधारण आठ-नऊ फूट व्यासाची, तळ पसरट, काठ फूट-दीड फुटाचा. नाव मिळत नसेल तेव्हा कोल्हापूरकडं पुराच्या पाण्यात काहील घालून माणसं नेण्याची रीत जुनीच आहे. आमच्या सिनेमातले तात्या काहिलीत बसून घराकडं निघतात. बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या असतात. काहिलीला नावेसारखी ना पुढची नाळ ना तळाचा कणा, त्यामुळे एका बाजूनं वल्हं मारलं की ती पुढं जायच्या आधी स्वतःभोवती फिरते. तात्यांचं तोंड कधी घराकडं, कधी छावणीकडं. काठावरून बायको ओरडते, "अवो, घर तिकडं हाय!" तात्या पाठमोरेच उत्तर देतात, "म्हायती हाय मला, बांधलंय मी!" तेवढ्यात काहील पुन्हा फिरते आणि ते बायकोच्या समोर येतात. पुढं ते घरी पोचतात, कौलं काढून आत हात घालतात आणि गोळ्यांच्या डब्याऐवजी पाच सालच्या खुणेच्या वर ठेवलेला, भिजून फुगलेला पासबुकांचा गठ्ठा हाती लागतो. हा सगळा प्रसंग तात्यांच्या घरात आधी कितीतरी वेळा सांगून झालेला होता. "बांधलंय मी" हे वाक्य त्यांचं आहे.

तो चित्रित करताना पुराच्या किंवा वाहत्या पाण्यात जायचं नाही, यावर चर्चासुद्धा नको. गावतलावाच्या उथळ कडेला, कमरेइतकं पाणी असेल तिथं काहील घालायची. तळाला आधी बांबूनं चाचपून खड्डे बघायचे. काहिलीच्या कडीला दोर बांधून तो पाण्याखालून काठावरच्या दोघांच्या हाती द्यायचा. माणूस मधोमध बसलेला हवा. काहिलीच्या काठावर कुणी उभं राहिलं की ती एका क्षणात पाणी घेते. प्रत्यक्षात कुणाच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हतं म्हणून चित्रीकरणातही नको, असा आग्रह गावातूनच होतो. तेव्हा सदऱ्याच्या आत मावणारं, हवा भरायचं पातळ जाकीट घालायचं. दोन पट्टीचे पोहणारे चौकटीच्या बाहेर पण पाण्यातच उभे. काहिलीचा तळ घासून खरखरीत आवाज येतो, तो इतका छान असतो की नंतर बनवत बसू नये. आवाजाचा माइक काहिलीच्या आत, काठाखाली चिकटवून जागेवरच घ्यावा.

पैशाबद्दल थोडक्यात. सगळ्यांना एकच रोज, शेतमजुरीच्या चालू दराच्या दुप्पट, आणि तो त्याच संध्याकाळी. मोठी भूमिका, लहान भूमिका असा फरक करू नये. या गावांनी याद्यांचा फार त्रास भोगला आहे. कुणाचं नाव पंचनाम्यात आलं, कुणाचं राहिलं, यावरून भावाभावांत अजून बोलणं नाही. सिनेमाची मानधनाची यादी ही त्यांच्या दृष्टीनं तसलीच आणखी एक यादी असते. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानाचं हवं. त्यात चेहरा, नाव, घर आणि कागदपत्रं यांची परवानगी वेगवेगळी विचारलेली असावी. संकलन अंतिम होईपर्यंत कुणालाही स्वतःचा प्रसंग काढून घेता येईल ही अट पहिल्या ओळीत टाकावी. ही अट घातली की निर्माता घाबरतो. पण माणसं जास्त मोकळी होतात ती याच अटीमुळं.

अभिनयाचा प्रश्न वेगळाच असतो. पूरग्रस्तांनी वाहिन्यांना इतक्या प्रतिक्रिया दिलेल्या असतात की कॅमेरा दिसला की भाषा बदलते. "आमचं घर पडलं" म्हणणारा माणूस "प्रशासनानं तातडीनं लक्ष द्यावं" म्हणू लागतो. दुसरी सवय नाटकाची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं तेव्हापासून हा नाटकाचाच मुलूख आहे. गावोगावी जत्रेत नाटकं केलेली माणसं असतात, त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि हात छातीशी येतात. दोन्हींवर उपाय एकच: हाताला खरं काम द्यायचं. भाकरी थापताना, दावं वळताना, धार काढताना, गाळ उपसताना माणूस आपल्या बोलीत येतो, कारण काम चुकवून चालत नाही. मात्र काम नकली असेल, म्हणजे परातीत पीठ आहे पण चुलीत जाळ नाही, तर हातही खोटे पडतात.

संवाद लिहून देऊ नयेत. प्रसंग कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो एवढंच सांगायचं. एकाच घटनेचे निदान दोन साक्षीदार प्रसंगात हवेत. एकजण म्हणतो पाणी तिसऱ्या पायरीला होतं, दुसरा म्हणतो पाचव्या. एक म्हणते तुम्ही म्हैस आधी सोडली, तो म्हणतो आधी आईला नेलं. हा वाद खरा असतो आणि तो आपण मिटवायचा नाही. एकाच प्रसंगाची पहिली तीन चित्रीकरणं ताजी असतात. चौथ्यापासून माणूस आधीच्या वेळी जमलेलं वाक्य आठवून म्हणायला लागतो आणि जिवंतपणा जातो. तेव्हा पुन्हा तेच मागण्यापेक्षा दुसऱ्या साक्षीदाराला हळूच काहीतरी वेगळं विचारायला सांगायचं, किंवा सरळ चहा घ्यायचा. दोन कॅमेरे लावणं यासाठीच परवडतं. एक बोलणाऱ्यावर आणि दुसरा ऐकणाऱ्यावर. संकलनात दुसराच जास्त वापरला जातो.

सरकारी मदतीचा प्रसंग गावानं हट्टानं मागितला. २०१९ ला ग्रामीण भागात कुटुंबाला १० हजार आणि शहरात १५ हजार अशी तातडीची मदत होती, त्यातले ५ हजार रोख. गहू-तांदूळ प्रत्येकी १० किलो मिळायचे, पण त्या आदेशात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असण्याची अट होती. उंचवट्यावरच्या एका घराचा यावरून झालेला वाद आम्ही घेतला. पाणी कधी आलं आणि कधी गेलं याचे तास मोजले जातात. घरमालक म्हणतो पाणी आलं तेव्हा आम्ही घड्याळ बघत नव्हतो, तलाठी म्हणतो मला कागदावर वेळ लागते. शेवटी शेजारणीच्या कोंबड्या किती वेळ झाडावर होत्या त्यावरून हिशेब होतो. सेवेतल्या कर्मचाऱ्याला सिनेमात काम करायला आधी परवानगी लागते, त्यामुळे तलाठी निवृत्तच शोधावा. आमचे तलाठी त्या पुरात प्रत्यक्ष पंचनामे केलेले होते. त्यांना खलनायक करायचं नाही हे आधीच ठरलं होतं. त्यांनी स्वतःहून पिशवीतून ओला कागद काढला, पेन उमटेना म्हणून तो चुलीशी धरला, आणि त्या एका कृतीनं प्रसंगाचा तोल सांभाळला गेला. प्रेक्षकाला दोघांचीही अडचण दिसते.

पाण्याकडं येऊ. महापुराचे दिवस म्हणजे जुलै-ऑगस्ट. त्या दिवसांत चित्रीकरण ठेवणं क्रूरपणाचं आणि धोक्याचंही, कारण नदी तेव्हा खरंच चढत असते आणि गाव रात्री जागं असतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आलाच. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते, माणसं मिळत नाहीत. आमच्या मते फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा काळ बरा. अडचण एवढीच की तेव्हा नदी हिरवट आणि नितळ असते. पुराचं पाणी गढूळ, तांबूस, त्यावर पाचट आणि फेस. म्हणून रुंद दृश्यं पावसाळ्यात वेगळी घ्यायची, लांबून, माणसांशिवाय, आणि माणसांची दृश्यं बांधलेल्या टाकीत.

वापरात नसलेलं गुऱ्हाळघर किंवा मोठा गोठा यासाठी उत्तम. आत २० बाय १५ फूट जागेला नऊ इंची विटांची अडीच फूट भिंत घालून घ्यायची, बाहेरून मातीची पोती रचायची. दोन फूट पाणी म्हणजे ६०० घनफूट, साधारण १७ हजार लिटर, वजन १७ टन. म्हणून हे फक्त जमिनीवर करायचं, माळ्यावर किंवा जुन्या फरशीखाली पोकळी असेल तिथं कधीच नाही. तळाला दोन इंच वाळू पसरून त्यावर शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. वाळू नसेल तर एखादा खडा कागदाला भोक पाडतो, भोक सापडत नाही, आणि सकाळी भिंत पायातून फुगलेली दिसते. कागद ओला झाला की पाय सटकतो, त्यामुळे पाण्याखाली गोणपाट अंथरून त्याच्या कडांवर विटा ठेवायच्या. शेततळ्यातच चित्रीकरण करून पैसे वाचवण्याची कल्पना कुणीतरी मांडतंच. तिरपा, निसरडा उतार आणि धरायला काही नाही, दरवर्षी शेततळ्यांत माणसं बुडतात ती याचमुळं. तो विषय तिथंच संपवावा.

दोन फुटांचं पाणी चार फुटांचं दिसायला हवं असेल तर खोलीतली प्रत्येक वस्तू दोन फूट खाली बसवावी लागते. दाराची चौकट दोन फूट आखूड, कपाट खालून कापलेलं, विजेच्या मीटरची पेटी खाली, देवघराचा कोनाडा खाली. मग माणसांनी बुटक्या चौरंगावर बसायचं, गुडघ्यावर नाही, कारण साठीच्या पुढच्या माणसाला गुडघ्यावर पाच मिनिटंही जमत नाही. रंगासाठी नदीकाठची गाळमाती मैद्याच्या चाळणीतून चाळून हजार लिटरला पाच किलो. जाड माती लगेच बसते आणि पाणी वरून नितळ होऊन तळाचं गोणपाट दिसतं, म्हणून चाळण्याचा कंटाळा करू नये. बारीक मातीसुद्धा हळूहळू बसते, प्रत्येक वेळी चित्रीकरणाआधी फळीनं ढवळावं लागतं. वर पाचट, चपला, एखादा प्लास्टिकचा डबा. डबा नेहमी वाहत कॅमेऱ्याकडंच येतो, त्याला दोऱ्यानं बांधून ठेवावं. पाणी एक दिवसाआड बदलायचं, ब्लिचिंग पावडरवर विसंबून राहायचं नाही, कारण एवढ्या मातीत तिचा असर टिकत नाही. अंगावर उघडी जखम असलेल्यानं त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. लेप्टोसाठी, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी, प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरनं बघून दिल्या तरच. म्हातारी माणसं एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त पाण्यात नकोत, आणि तेही दुपारी, बाहेर घंघाळात ऊन पाणी तयार ठेवून.

विजेबाबत तर तडजोड नाहीच. टाकीपासून दहा फुटांत २३० व्होल्टची एकही वायर नको. दिवे बॅटरीवरचे, छतातून टांगलेले, टांगणीला दुहेरी दोर. बाहेर जनरेटर असेल तर ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळतीरक्षक स्विच बसवून घ्यायचा आणि रोज सकाळी त्याचं चाचणीचं बटण दाबून बघायचं.

भिंतीवरच्या पूररेषेला प्रेक्षक फारसा बघणार नाही, पण गाव बघतं. बऱ्याच घरांनी नंतर रंग दिलेला असतो, तिथं रेघ नव्यानं काढावी लागते. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्यायची, त्यात पाणी भरून एका घरातल्या अस्सल खुणेवरून सगळ्या गल्लीत पातळी उतरवायची. मग स्पंजनं आधी कोऱ्या चहाचं पाणी, ते वाळल्यावर पातळ चिखल, आणि रेघेच्या खाली बोटभर ओल सुटल्यासारखी किनार. पायऱ्यांवरून डोळ्यांनी अंदाज घेतला तर दोन घरांत इंच-दोन इंचांचा फरक पडतो, आणि पडद्यावर बघताना बायका लगेच म्हणतात, "आमच्यात एवढं न्हवतं, त्यांच्यात कसं?"

लोकांच्या मोबाइलमधलं त्या वेळचं चित्रीकरण फार मोलाचं. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत मात्र दाबून लहान केलेली असते, मोठ्या पडद्यावर तिचे चौकोन दिसतात. मूळ फोन शोधायचा, तो बंद पडून कपाटात असला तरी. व्हॉट्सॲपच्या फाइलच्या नावातली तारीख ती पोचल्याची असते, घटनेची नसते, त्यामुळे क्रम लावताना तिच्यावर जाऊ नये. ज्यानं चित्रित केलं त्याची परवानगी वेगळी, ज्याचं घर दिसतं त्याची वेगळी.

आवाजाबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी पाळावी. भोंगा, "नदीकाठच्या लोकांनी सतर्क राहावे" अशी ध्वनिक्षेपकावरची सूचना, किंवा "धरण फुटलं" अशी आरोळी गावात खुल्या जागी कधीही वाजवायची नाही, सरावासाठीसुद्धा. माणसं खरोखर पळतात, आणि ती चित्रीकरण बघायला न आलेली, घरात एकटी असलेली माणसं असतात. असे आवाज वेगळ्या ठिकाणी मुद्रित करून नंतर जोडायचे. प्रसंगात कलाकारानं ऐकल्यासारखं बघायचं असतं तेव्हा नुसता हात हलवून खूण करावी. टाकी भरायला पाण्याचा टँकर येणार असेल त्या दिवशीही ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटावर आधी कळवावं, गल्लीत पाण्याचा लोट दिसला की पोटात गोळा येतो.

मुलं आणि जनावरं यांचे नियम वाचूनच कामाला लागावं. चौदा वर्षांखालच्या मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, आणि मानधनाचा निदान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. म्हैस दाखवायची तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आधी परवानगी, नाहीतर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राच्या वेळी अडतं. शिवाय म्हैस उथळ पाण्यात उतरली की बसते, आणि बसली की दुपारचं चित्रीकरण तिच्या मर्जीवर. दावं कापण्याचा प्रसंग आम्ही नुसत्या विळ्यावर, दोरावर आणि मालकाच्या मनगटावर घेतला. म्हैस त्या वेळी गोठ्यात पेंड खात होती.

संकलनात हसण्याची जागा ठरवणं हे सगळ्यांत अवघड. रडणाऱ्या चेहऱ्यावरून कापून विनोदावर जायचं नाही, विनोदावरून कापून रडणाऱ्यावर तर मुळीच नाही. असा सांधा प्रेक्षकाला फसवल्यासारखा वाटतो आणि गावाला अपमानासारखा. हसू आणि दुःख एकाच न कापलेल्या तुकड्यात आलं पाहिजे, जसं ते सांगताना आलं होतं. सांगणाऱ्याचं स्वतःचं हसू ठेवावं. तो हसला की बघणाऱ्याला हसायला परवानगी मिळते. पुराच्या त्या वर्षी १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकत्र आली होती. शाळेतल्या छावणीत बायका बचावपथकातल्या जवानांना राख्या बांधतात, आणि राख्या संपल्यावर मदतीच्या खोक्यांच्या सुतळ्या सोडून बांधायला लागतात. त्या प्रसंगाखाली संगीत घालायचा आग्रह झाला. संगीत घातलं की तो एकदम जाहिरातीसारखा दिसतो. तिथं फक्त शाळेच्या पत्र्यावरचा पाऊस ठेवला.

कच्चा सिनेमा बाहेरच्या कुणालाही दाखवण्याआधी घरोघरी, लॅपटॉपवर, त्या त्या घराचा भाग दाखवावा. तेव्हा कळतं की हसण्याला आक्षेप क्वचितच असतो, आक्षेप असतो तो अब्रूला. म्हशीची किंमत उघड झाली, फाटकं पातळ दिसलं, दिराशी झालेला अबोला शब्दांत आला, याबद्दल माणसं बोलतात. ते काढायचं, वाद घालायचा नाही. शेजाऱ्याचं पडकं छत मागं दिसत असेल तर त्या शेजाऱ्यालाही बोलवायचं.

गावातला खेळ शाळेच्या मैदानात, अंधार पडल्यावर, सोळा फूट रुंद पडद्यावर. प्रक्षेपक पाच हजार लुमेनपेक्षा कमी घेऊ नये, गल्लीतला एखादा दिवा चालूच राहतो. सत्कार आणि भाषणं खेळाच्या आधी ठेवू नयेत, मुलं झोपतात आणि म्हाताऱ्यांना उठावं लागतं. आवाजाचे खोके समोर दोन आणि मध्यावर दोन, कारण लोक हसतात तेव्हा पुढची चार वाक्यं बुडतात. अशा जागा आधीच हेरून संकलनात तिथं तीन-चार सेकंद मोकळी सोडावीत. काहिलीच्या प्रसंगानंतर ती मोकळी जागा आम्हाला आणखी वाढवावी लागली.

शेवटी घरटी एक पेन ड्राइव्ह द्यावा. त्यात पूर्ण सिनेमा आणि त्या घराचे न कापलेले प्रसंग. बऱ्याच घरांतले टीव्ही फक्त एफएटी३२ पद्धतीनं मांडलेला ड्राइव्ह वाचतात आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून सिनेमा दोन भागांत कापून, एच.२६४ या व्हिडिओ प्रकारात भरावा, आणि देण्याआधी गावातल्याच एखाद्या टीव्हीवर लावून बघावा.